बापूच्या गळ्याचा ढावलो

स्टीलच्या डब्याचं झाकण जुईच्या हातून निसटलं आणि फरशीवर गरगर फिरत राहिलं. दुपारची वेळ. धाकटा नुकताच निजला होता, वीज गेल्यामुळे पंखाही गप्प होता. त्या एवढ्याशा झाकणाचा आवाज घरभर भरला. मी त्यावर पाय ठेवला. बाळानं मूठ उघडली, मिटली आणि पुन्हा झोपेत उतरलं.

"चिवडाच बघत होते," जुई कुजबुजली. "आणि आई, शनिवारी शिबिरात घरचं गाणं म्हणायचंय. प्रत्येकानं आपापल्या भाषेतलं. बाई म्हणाल्या, आई-आजीला विचारा."

जुई नऊ वर्षांची. तिच्या शाळेत या सुट्टीत भाषा आणि कलांचं शिबिर चाललंय. सकाळी इंग्रजी, दुपारी चित्रं, नाटक, गाणी. ती आनंदानं जाते. मीही आनंदानं पाठवते, असं मी सगळ्यांना सांगते.

"लेंगीचं गाणं शिकवते," मी म्हणाले. "होळीचं. छान ठेका असतो."

"ते नको. याडी फोनवर म्हणाली, तुझ्या आईला एक रडायचं गाणं येतं, पण ती म्हणणार नाही."

याडी म्हणजे माझी आई. आम्ही गोरमाटी, लोक बंजारा म्हणतात. पोरीला आजीची हाक तेवढी येते, भाषा येत नाही.

"ते गाणं नाही," मी म्हणाले. आणि माझा आवाज असा काही निघाला की जुईनं चिवड्याचा हात तोंडाशीच थांबवला. हेच वाक्य, याच आवाजात, मी पूर्वी एकदा म्हटलं होतं. समोर मंदारदादा उभा होता.

मी तेव्हा आठवीची परीक्षा दिली होती. आमच्या तांड्यापासून जवळच आश्रमशाळा होती, तिथे पुण्याची एक संस्था उन्हाळी शिबिर घेऊन आली. पुण्याची पोरं आणि आम्ही तांड्यावरची पोरं, एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं. सकाळी मराठी आणि इंग्रजी, दुपारी नाटक आणि संगीत. संगीत मंदारदादाचं. दाढी, खांद्याला झोळी, गळ्यात दोरीनं अडकवलेला छोटा टेपरेकॉर्डर. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं.

मला त्या शिबिराला बापूनं, माझ्या वडिलांनी, पाठवलं ते एका अटीवर. याडीनंच रदबदली केली होती. "जाऊ दे. हेच शेवटचं," ती म्हणाली होती. उमरीच्या तांड्यावरून माझ्यासाठी स्थळ आलं होतं. शिबिर संपलं की ती माणसं सुपारी घेऊन येणार होती. म्हणजे पुण्याच्या पोरी तिथे सुट्टी घालवायला आल्या होत्या आणि मी माझी शाळा संपवायला.

सकाळच्या वर्गात एक कागदी टोपी असायची. गंमत टोपी. जो गोरमाटीत बोलेल त्यानं ती घालायची आणि तेच वाक्य शुद्ध मराठीत अभिनय करून म्हणायचं. सगळे हसायचे, आम्हीही हसायचो. टोपी पुण्याच्या पोरांच्या डोक्यावर कधी गेली नाही. जाणार कशी? माझ्या डोक्यावर ती इतक्या वेळा बसली की तिच्या घडीला माझ्या तेलाचा वास लागला. आणि दुपार झाली की तीच माणसं म्हणायची, "तुमच्या भाषेतलं काहीतरी म्हणा ना, अस्सल काहीतरी." सकाळी जी चूक, तीच दुपारी कला. तेव्हा मला हे शब्दांत सांगता आलं नसतं, पण दुपारचा भात मी ताटात तसाच टाकून उठायचे.

आम्ही पोरी लेंगी म्हणायचो, नाचायचो. ते एक रडायचं मात्र मी कुणाला दिलं नव्हतं. ते मी एकटी असतानाच म्हणायचे, हापशीवर, कपडे आपटताना. विसरू नये म्हणून. धुण्याच्या दणक्यात आवाज झाकला जातो.

मंदारदादा हापशीमागच्या कडुलिंबाखाली बसायचा हे मला माहीत नव्हतं.

कळलं ते तालमीच्या वेळी. शेवटच्या कार्यक्रमाला गावकरी, तांडेकरी, सगळ्यांना बोलावणं होतं. दादानं आम्हाला अर्धगोलात उभं केलं, टेपचं बटण दाबलं आणि माझा आवाज बाहेर आला. मागे कपडे आपटल्याचा आवाज, हापशीची कुरकुर आणि मी. "याडी ये..."

माझे कान तापले. कुणीतरी अंगावरची ओढणी भर चौकात ओढावी तसं झालं.

"ऐकलंत? काय सूर आहे," दादा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "हे आपलं समारोपाचं गाणं. चाल हीच, 'याडी ये' ही हाक तशीच ठेवायची. बाकीचे शब्द आपण सगळ्यांना कळतील असे घातलेत."

त्यानं म्हणून दाखवलं. "अंगणी माझ्या दिवा लावा, बाबा, लेक चालली सुखाच्या गावा." त्याखाली ढोलकी आणि दुसऱ्या ओळीनंतर दोन टाळ्या. टप, टप. म्हणणार होती अन्विता, पुण्याची, गोड गळ्याची. आम्ही तांड्यावरच्या पोरी फेटिया-कांचळी, आमचा घागरा-चोळी, घालून मागे उभ्या राहणार आणि टाळ्या वाजवणार.

तालीम सुटल्यावर मी दादापुढे जाऊन उभी राहिले.

"ते गाणं नाही."

"मग काय आहे?"

"ढावलो आहे. रडणं असतं ते."

"अगं, तेच तर. केवढी ताकद आहे त्यात."

"नवरी ज्याच्या गळ्यात पडते त्याच्यासाठीच ते म्हणते. दुसऱ्यानं म्हणायचं नसतं. टाळ्या तर नाहीच."

तो गुडघ्यावर बसला, माझ्या उंचीला आला. शिकलेली माणसं लहानांशी बोलताना बसतात तसा. "रेश्मा, लोकांचं गाणं सगळ्यांचं असतं. गाण्याला मालक नसतो."

"टेपला असतो?"

तो हसला. "हुशार आहेस. हे बघ, मी ते लोकांपर्यंत पोचवतोय. नाहीतर हापशीवरच मरून जाईल ते."

"मी दिलं नव्हतं तुम्हाला."

"बरं, विचारायला हवं होतं, चुकलं. आता विचारतो. घेऊ?"

"नको."

तो उठला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "कार्यक्रम झाल्यावर तुलाच अभिमान वाटेल बघ." मी नको म्हटलं होतं. ते त्याला ऐकू आलं होतं. पण माझं नको त्याच्या हिशेबी लाजण्याचा प्रकार होता.

संध्याकाळी अन्विता माझ्या गादीवर येऊन बसली. मनानं चांगली पोर. "ए, मला एक सांग ना. रडू कसं आणायचं? दादा म्हणतो दुसऱ्या कडव्याला डोळ्यांत पाणी पाहिजे. तुमच्याकडे काय करतात?"

"कांदा," मी म्हणाले. आणि तोंड फिरवून पडले. तिनं ते खरं मानलं आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून एक कांदा मागून आणला.

ढावलो काय असतो ते इथे सांगायला हवं. आमच्याकडे लग्न झाल्यावर नवरी एकेकाच्या गळ्यात पडते. आईच्या, भावाच्या, मैत्रिणीच्या, बापाच्या. आणि हुंदक्यांच्या लयीत प्रत्येकाला त्याचं त्याचं सांगते. चाल पिढ्यान्‌पिढ्यांची, शब्द तिचे. कुणाच्याही गळ्यात पडो, सुरुवात 'याडी ये' या हाकेनंच. जन्मभर जे बोलता आलं नाही ते त्या दिवशी बोलायची मुभा असते. ज्याच्या गळ्यात ती पडते त्यानं एकच करायचं, संपेपर्यंत हलायचं नाही. शिवी वाटली तरी, काळीज फाटलं तरी.

माझी मोठी बहीण धानी. तिचं लग्न आदल्या वर्षी झालं. सोळाची होती. शाळा आठवीत सुटली होती. लग्नाच्या दिवशी ती याडीच्या गळ्यात पडली, काकीच्या पडली, मग बापूकडे वळली. तिनं हात पुढे केले. बापू म्हणाला, "टेम्पोच्या टायरात हवा कमी दिसतेय. बघून येतो."

आणि गेला. पंप मागून आणला, टायरापाशी उकिडवा बसला आणि हवा भरत राहिला. टायर टम्म झालं तरी. सगळ्यांना दिसत होतं. म्हातारी माणसं माती उकरत बसली. धानीचे हात तसेच पुढे होते. मी तिथे होते म्हणून ते माझ्या गळ्यात पडले.

बापूचा ढावलो तिनं माझ्या कानात म्हटला. माझ्या मानेवर तिची नाकाची भुरिया घासत होती, रक्त येईल इतकी. शेवटी तिनं हुंदका गिळला आणि साध्या आवाजात म्हणाली, "तुझं नाही हे. बापूचं आहे. त्याला दे."

कसं देणार? कधी देणार? त्याला मी काही सांगायला गेले की त्याला बैल दिसायचे, बांध दिसायचा. म्हणून मी हापशीवर ते घोकत राहिले. आणि तेच त्या टेपमध्ये जाऊन बसलं होतं.

समारोप उन्हं कलल्यावर होता. मैदानात मंडप, पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या. तांडा आला. बापू पांढरं धोतर आणि लाल फेटा घालून पहिल्याच सतरंजीवर, तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या शेजारी. त्याला पुढे बसवलं म्हणून तो खूश होता. बायकांत धानी होती. माहेरपणाला आली होती, कडेवर चार महिन्यांचं पोर. मला बघून तिनं पोराचा हात धरून हलवला.

नाटुकली झाली, इंग्रजी कविता झाल्या. मग मंदारदादा माइकवर आला. म्हणाला की आता या मातीतलं एक अस्सल गाणं. ढोलकी सुरू झाली. अन्वितानं तोंड उघडलं.

"याडी ये..."

बायकांची कुजबूज बंद पडली. धानीनं मान वर केली. तिला चाल कळली, आपलीच वळणं कळली. माझ्या डोळ्यांत बघून तिनं विचारलं, शब्दाविना. मी मान हलवली. मी नाही दिलं, असं मला म्हणायचं होतं. पण कुंकवाचा मळवट भरून, हातावर हात घेऊन स्टेजवर उभ्या असलेल्या पोरीचं कोण खरं मानेल?

टप, टप. दोन टाळ्या. "लेक चालली सुखाच्या गावा."

लोकांना आवडलं. मास्तरांनी ठेका धरला, खुर्च्यांनी धरला. आणि मी पाहिलं, बापूनंही धरला. मान डोलावत, फेट्याचा शेव हलवत, माझा बापू टाळ्या वाजवत होता. ज्या रडण्यापासून तो टायरामागे लपला होता, तेच रडणं गोड करून त्याच्यापुढे वाढलं होतं आणि तो ते मिटक्या मारत खात होता.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. राग मंदारदादाचा होता, बापूचा होता, त्या कांद्याचा होता, उमरीच्या सुपारीचा होता. मला आठवतं ते एवढंच की स्टेजच्या फळ्या संपल्या आणि पायाखाली सतरंजी आली.

मी बापूच्या गळ्यात हात टाकले.

"काय करते," तो पुटपुटला. "ऊठ. माणसं बघतात."

मी सुरू केलं. खरं. गोरमाटीत.

"बापू, बैल विकताना त्याचे दात बघतोस, चाल बघतोस, चार दिवस उदास हिंडतोस. मला तेवढंही बघितलं नाहीस."

त्याचं अंग ताठ झालं. त्यानं उठायला एक गुडघा उचलला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या नायकानं त्याच्या मांडीवर हात ठेवला. "बस," नायक म्हणाला. "ढावलो चाललाय."

"बापू, माझी शाळेची निळी ओढणी बुजगावण्याला घाल. माझ्या नाही तर पाखरांच्या तरी कामी येऊ दे."

स्टेजवरचं गाणं भरकटून थांबलं होतं. ढोलकी थांबली. पण खुर्च्यांवरच्या लोकांना वाटलं, हे नाटकातलंच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. जोरात, मनापासून. कुणीतरी "वा" म्हणालं. आणि मंदारदादा वाकत वाकत, लांबलचक वायर ओढत आला आणि त्यानं माइक माझ्या आणि बापूच्या मध्ये धरला. माझा हुंदका कर्ण्यातून मैदानभर गेला. हळूच मला म्हणाला, "थांबू नकोस. अप्रतिम."

माझा आवाज तुटला. रडण्यानं नाही, संतापानं. ढावल्याची शेवटची ओळ राहिली होती, आणि ती कर्ण्यातून म्हणणं मला मेल्यासारखं होतं.

तेवढ्यात दंडभर चढवलेल्या बलियांचा, बांगड्यांचा, खळखळाट जवळ आला. धानी. कपाळापर्यंत पदर, कडेवर पोर. तिनं मोकळ्या हातानं माइकचं तोंड दाबलं. कर्ण्यातून धप्प असा एक आवाज झाला आणि मैदान मुकं झालं.

"दादा," ती मराठीत म्हणाली, शिबिरात एक दिवसही न शिकता. "हे तुमचं ऐकायचं नाही. सरका."

तो सरकला. धानी तशीच माइक दाबून उभी राहिली, जणू सापाचं तोंड धरलंय. आणि मी शेवटची ओळ बापूच्या कानात म्हटली, फक्त त्याच्या.

"बापू, माझं झालं ते झालं. धाकटीच्या वेळी टायरात हवा भरायला जाऊ नको."

बापूला ती ओळ कुणाची ते कळलं. त्यानं मान वळवून माझ्याकडे नाही, धानीकडे बघितलं. तिनं पदर खाली ओढला नाही, उलट वर घेतला आणि त्याला आपलं तोंड नीट बघू दिलं. तो रडला नाही. त्याचा हात वर आला, तिच्या पायापर्यंत जाईल की पोरापर्यंत, हे त्याचं त्यालाच कळेना, आणि तसाच हवेत राहिला.

बाहेर निघताना मंदारदादा धावत मागे आला. मला वाटलं माफी मागेल. "रेश्मा, हे तू आधी का नाही सांगितलंस? असंच बसवायला हवं होतं, प्रेक्षकांत उतरून. पुण्याच्या प्रयोगाला तू आणि तुझे वडील, दोघं आलात तर..."

"टेप द्या," मी म्हणाले.

"काय?"

"आतली कॅसेट."

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पहिल्यांदाच माझं म्हणणं त्याला लाजणं वाटलं नसावं. त्यानं कॅसेट काढून दिली. मी तिची फीत बोटानं ओढत ओढत चालले, मैलभर, रस्त्याकडेच्या बाभळींना गुंडाळत. पुढे कित्येक महिने ती तिथे वाऱ्यावर सळसळायची.

चालायला लागण्याआधी, शाळेच्या फाटकापाशी बापूची सायकल उभी होती. तो तिच्याजवळ गेला, आणि सवयीनं खाली वाकून त्यानं टायर अंगठ्यानं दाबलं.

"हवा आहे का?" धानीनं मागून विचारलं. तिच्या आवाजात तिखट होतं, पण थोडं हसूही होतं.

बापूनं हात काढून घेतला. "आहे," तो म्हणाला. "चला."

घरी पोचल्यावर त्यानं फेटा खुंटीला टांगला आणि भिंतीकडे तोंड करून याडीला म्हणाला, "उमरीच्या माणसांना निरोप धाड. म्हणावं, सुपारी आणू नका. पोरीला शिकायचं आहे."

याडीच्या हातातली भाकरी परातीत पडली. धानी चुलीपाशी पोराला पाजत होती. तिनं वर न बघता म्हटलं, "बरं झालं." दोनच शब्द. पोराच्या पाठीवर ती थोपटत होती, ती लय जराशी चुकली आणि पुन्हा जुळली.

दोन दिवसांनी तिचा नवरा तिला न्यायला आला. या वेळी बापू कुठे गेला नाही. अंगणात उभा राहिला, हात सोडून, गळा मोकळा ठेवून. धानीनं त्याच्याकडे बघितलं, पोराला कडेवर सारखं केलं आणि त्याच्या गळ्यात न पडता टेम्पोत चढली. तिच्याकडे द्यायला आता काही नव्हतं.

मी पुढे दहावी झाले, बारावी झाले, डी.एड. झाले, या शहरात नोकरीला लागले. बापू दर निकालाला तांडाभर पेढे वाटायचा. धानी अजून दिवाळी झाली की कोयता घेऊन नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. फोन करते तेव्हा जुईचे मार्क विचारते.

हे सगळं मी जुईला या शब्दांत सांगितलं नाही. नऊ वर्षांच्या पोरीला कळेल एवढंच सांगितलं, लसूण सोलत, बाळाच्या झोपेवर एक कान ठेवून. टायराच्या हवेपाशी ती हसली. माइकपाशी तिनं माझा दंड धरला. झाकण तिच्या मांडीवर होतं आणि ती त्याच्या कडेवरून बोट फिरवत होती.

"म्हणजे ते मावशीचं गाणं होतं," ती म्हणाली.

"हो. गाणं नाही, पण मावशीचं."

"आणि ते ऐकून आजोबांनी तुला ठेवून घेतलं."

"हो."

तिचं बोट थांबलं. वीज आली, पंखा एकदा करकरला आणि फिरू लागला. बाळानं कूस बदलली.

"मग आई, दोन दिवसांनी काका न्यायला आले, तेव्हा मावशीला का नाही ठेवून घेतलं?"